जोसेफ 'काका' बॅप्टिस्टा : टिळकपर्वातील एक माझगावकर

मराठी ख्रिस्ती व्यक्ती म्हटले की मराठी साहित्याच्या अभ्यासकापुढे ठरावीक नावे उभी राहतात. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई टिळक. ही नावे मोठी आहेत, आणि त्यांच्या मोठेपणाविषयी येथे वाद घालावयाचा नाही. परंतु त्यांच्यात एक साम्य आहे, त्याकडे आम्हांला लक्ष वेधावयाचे आहे. या चौघांच्याही आयुष्याच्या मध्यभागी धर्मांतराची घटना आहे. 'अरुणोदय' असो वा 'स्मृतिचित्रे', मराठी वाचकाला ख्रिस्ती माणूस भेटतो तो उंबरठा ओलांडताना. एक घर सोडणे, दुसऱ्या घरी जाणे, मागे राहिलेल्यांचा आक्रोश आणि पुढे गेलेल्याची शांती असे एक कथानक आपल्या मनात इतके रुजले आहे की ज्याच्या आयुष्यात तो उंबरठाच नाही असा ख्रिस्ती मराठी माणूस आपल्याला दिसेनासा होतो.

जोसेफ बॅप्टिस्टा हे असे न दिसणारे गृहस्थ. ते जन्माने कॅथलिक होते, त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपासून कॅथलिक होते आणि मृत्यूपर्यंत ते कॅथलिकच राहिले. लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष होते. टिळकांवरील १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात आणि पुढे सावरकरांच्या खटल्यात ते वकील म्हणून उभे राहिले. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, आणि १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेच्या सर्वोच्च पदावर बसले. एवढे सगळे असूनही मराठी विचारविश्वाच्या इतिहासात त्यांना एखादी तळटीप मिळते, फार तर एक परिच्छेद. असे का व्हावे, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना बॅप्टिस्टांइतकेच आपल्या स्मरणाच्या सवयींविषयीही काही हाती लागते.

१

बॅप्टिस्टांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईतील माझगावच्या माथारपाखाडीत झाला. घराणे मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. माथारपाखाडी हे मुंबईच्या पोटात टिकून राहिलेले एक जुने गावठाण आहे. चिंचोळ्या गल्ल्या, लाकडी जिने असलेली घरे, मध्ये क्रूस. मुंबई बेटे, साष्टी आणि वसई या पट्ट्यातील ज्या कोळी, आगरी, कुणबी, भंडारी इत्यादी लोकांनी पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांची ही वस्ती. त्यांची घरची भाषा मराठीचीच एक बोली. लग्नातील गाणी, खाद्यपदार्थांची नावे, नात्यांच्या हाका, शेतीचे आणि मासेमारीचे शब्द मराठी. प्रार्थना मात्र लॅटिन, आणि पुढे शिक्षण इंग्रजी.

या समाजाचे 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ सालचे. त्या वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे होत होती. रेल्वेच्या आणि कंपन्यांच्या कचेऱ्यांतून गोवा व मंगळूर येथून आलेले कॅथलिक मुंबईत मोठ्या संख्येने स्थिरावू लागले होते. आपण येथील मूळचे, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून इंग्रजांच्या चाकरीत असलेले, हे सरकारच्या नजरेस आणून देण्यासाठी स्थानिक कॅथलिकांनी हे नाव धारण केले. म्हणजे नावातच राजनिष्ठा होती. त्या नावाच्या समाजातून होमरूल लीगचा पहिला अध्यक्ष निघावा हा इतिहासाचा एक मासलेवाईक विरोधाभास म्हणावा लागेल. बॅप्टिस्टांच्या राजकारणाची किंमतही येथेच लक्षात येते. ज्या समाजाचे पोट बव्हंशी सरकारी आणि इंग्रजी नोकऱ्यांवर अवलंबून, त्याच्यातील बॅरिस्टराने राजद्रोहाच्या आरोपीच्या बाजूला जाऊन बसणे ही साधी गोष्ट नव्हती.

दुसरी अडचण त्याहून खोल होती. टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला आणि १८९५-९६ पासून शिवजयंतीच्या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले. त्या राजकारणाची प्रतीके हिंदू होती आणि स्मृती मराठेशाहीची. या स्मृतीत १७३९ ची वसईची मोहीम आणि चिमाजी अप्पा यांना मानाचे स्थान आहे. उत्तन-वसईच्या कॅथलिकाच्या पूर्वस्मृतीत तीच मोहीम वेगळ्या बाजूने नोंदलेली असणार हे उघड आहे. तरीही बॅप्टिस्टा टिळकांकडे गेले. ते केवळ टिळकांच्या व्यक्तिमत्त्वाच्या आकर्षणाने गेले असे म्हटले तर चरित्र सोपे होते, पण माणूस हातातून निसटतो. त्यांना टिळकांकडे नेणारी वाट आयर्लंडवरून जात होती.

२

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण झाल्यावर बॅप्टिस्टा केंब्रिजला गेले. तेथे फिट्झविल्यम हॉलमध्ये त्यांनी राज्यशास्त्राचा अभ्यास केला आणि ते बॅरिस्टर झाले. तो काळ ब्रिटिश राजकारणात आयर्लंडच्या प्रश्नाने गाजत होता. ग्लॅडस्टनचे होमरूल विधेयक १८८६ मध्ये कॉमन्स सभेत पडले होते. दुसरे १८९३ मध्ये कॉमन्समध्ये मंजूर होऊन लॉर्डांच्या सभेने फेटाळले. बहुसंख्य कॅथलिक असलेला, इंग्रजांनी जिंकलेला, इंग्रजी बोलू लागलेला, ब्रिटिश सैन्यात आणि नोकऱ्यांत शिरलेला एक देश, आणि तरीही आपला कारभार आपण करू असे म्हणणारा. माझगावच्या कॅथलिक तरुणाला या चित्रात स्वतःच्या कोंडीचे उत्तर दिसले असावे असे आम्हांला वाटते. ख्रिस्ती असणे आणि इंग्रजी राज्याशी निष्ठावंत असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्या काळी सर्वांत स्पष्टपणे आयर्लंड सांगत होते. हिंदुस्थानातील ख्रिस्ती माणसाला राज्यकर्त्यांचा धर्मबंधू म्हणून जो संशय सोसावा लागे, त्यावरचे उत्तरही त्यातच होते.

परतल्यावर १९०१ मध्ये ते मुंबई महापालिकेत शिरले आणि पुढे सतरा वर्षे तेथे राहिले. टिळकांशी त्यांचा परिचय याच सुमारास झाला. दोघांनाही कायद्याची आवड होती. टिळकांचे वैशिष्ट्य हे की कायद्याच्या कुंपणाच्या अगदी कडेपर्यंत जाऊन उभे राहावयाचे आणि कुंपणच हलवावयाचे. त्यासाठी त्यांना कुंपणाची नेमकी जागा दाखविणारा माणूस हवा होता.

१९०८ च्या खटल्यात ही गोष्ट दिसली. 'केसरी'तील 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा आरोप होता. सरकारने खास ज्यूरीची मागणी केली. खास ज्यूरी म्हणजे बहुतांश युरोपियन गृहस्थ. बॅप्टिस्टांनी या मागणीला न्यायालयात विरोध केला. साहित्याच्या विद्यार्थ्याने या तांत्रिक वाटणाऱ्या वादाकडे जरा थांबून पाहावे. आरोप मराठी मजकुरावर होता, आणि न्याय करणार होते ते त्या मजकुराचा इंग्रजी तर्जुमा वाचून. एखाद्या मराठी शब्दाची धार, त्याचा उपरोध, त्याची म्हणीतली सावली तर्जुम्यात काय होऊन बसते हा प्रश्न येथे रसग्रहणाचा राहिला नव्हता. सहा वर्षांच्या हद्दपारीचा झाला होता. टिळकांनी आपल्या दीर्घ भाषणाचा मोठा भाग तर्जुम्यातील चुका दाखविण्यात खर्च केला तो उगीच नव्हे. ज्यूरीवर शेवटी सात युरोपियन आणि दोन पारशी बसले. सात विरुद्ध दोन अशा मताने टिळक दोषी ठरले, आणि २२ जुलै १९०८ रोजी न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. खटला हरण्याची दिशा ज्यूरी निवडतानाच ठरली होती. बॅप्टिस्टांचा विरोध त्या निर्णायक जागी होता.

शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. वर्षाला एक दिवस, असा तो हिशेब सांगितला जातो. या संपातून मुंबईतील राजकारणी मंडळींना प्रथमच दिसले की गिरणगावातला माणूस केवळ मजुरीसाठी रस्त्यावर उतरत नाही. बॅप्टिस्टांच्या पुढच्या आयुष्याचा अर्धा भाग या जाणिवेने व्यापलेला आहे.

पुढे १९१० मध्ये मार्सेय येथील प्रसिद्ध उडीनंतर सावरकरांना हिंदुस्थानात आणून खास न्यायाधिकरणापुढे उभे करण्यात आले. तेव्हाही त्यांच्या बचावाच्या वकिलांत बॅप्टिस्टा प्रमुख होते. टिळक आणि सावरकर या दोघांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण घटकेला त्यांच्या बाजूने उभा राहिलेला वकील कॅथलिक होता, ही गोष्ट दोघांच्याही चरित्रांत असते. तिच्यावर क्षणभर थांबण्याची गरज मात्र चरित्रकारांना क्वचितच वाटते.

३

टिळक १९१४ मध्ये मंडालेहून सुटून आले तेव्हा त्यांचा पक्ष विस्कटला होता. सुरतेला फुटलेली काँग्रेस अजून सांधली गेली नव्हती, आणि थोड्याच आठवड्यांत महायुद्ध सुरू झाले. या वेळी पुढे काय मागावयाचे आणि कोणत्या शब्दांत मागावयाचे हा खरा पेच होता. १९१५ च्या मे महिन्यात पुण्यास राष्ट्रीय पक्षाची प्रांतिक परिषद भरली, तिचे अध्यक्षपद बॅप्टिस्टांकडे होते. तेथे त्यांनी होमरूलसाठी स्वतंत्र संघटना उभारण्याचा विचार मांडला. वर्षभराने, एप्रिल १९१६ मध्ये, बेळगाव येथे इंडियन होमरूल लीग स्थापन झाली. अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, चिटणीस नरसिंह चिंतामण केळकर. टिळकांनी स्वतःकडे कोणतेही पद घेतले नाही. अ‍ॅनी बेझंट यांची लीग त्यानंतर सप्टेंबरात निघाली, आणि दोघांनी प्रदेश वाटून घेतले. मुंबई शहर वगळून महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत आणि वऱ्हाड हे टिळकांच्या लीगचे कार्यक्षेत्र ठरले.

बेळगावात लीग स्थापन झाली त्याच आठवड्यात डब्लिन येथे ईस्टरचा सशस्त्र उठाव चालू होता. होमरूल हा शब्द आयर्लंडमध्ये ज्या दिवसांत मागे पडू लागला, त्याच दिवसांत तो हिंदुस्थानात उभा राहिला. म्हणून उसना घेतलेला शिळा शब्द अशी त्याची संभावना करण्याचा मोह होतो. परंतु शब्दांचे काम त्यांच्या जन्मस्थानी संपले म्हणून दुसरीकडे संपत नाही. 'स्वराज्य' हा शब्द मराठीत जुना आणि भारलेला होता. त्याला शिवकालाचा संदर्भ होता, दादाभाईंनी १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात त्याचा उच्चार केला होता, आणि त्याच कारणाने सरकारी कानाला तो बंडाचा वाटे. 'होमरूल' हा मात्र ब्रिटिश पार्लमेंटच्या कामकाजातला शब्द होता. खुद्द ग्लॅडस्टनने मांडलेल्या विधेयकाचे नाव उच्चारणे हा राजद्रोह कसा ठरवावयाचा? राजावर निष्ठा, पण नोकरशाहीला विरोध, हा भेद त्या शब्दात आपोआप बसत होता.

या युक्तीची कसोटी लगेच लागली. टिळकांनी बेळगाव आणि अहमदनगर येथे होमरूलवर दिलेल्या भाषणांबद्दल सरकारने त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. या वेळी जिना त्यांचे वकील होते. नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. १९०८ मध्ये जो माणूस मराठी लेखांबद्दल सहा वर्षांसाठी गेला, तोच माणूस आठ वर्षांनी त्याच नोकरशाहीवर मराठीतूनच टीका करून मोकळा राहिला. या फरकामागे न्यायाधीश, काळ आणि युद्ध ही कारणे होतीच. पण मागणीची भाषा बदलली होती हेही एक कारण होते, आणि ती भाषा बदलण्यात बॅप्टिस्टांचा वाटा होता.

४

येथे त्या प्रसिद्ध घोषणेचा विषय टाळता येत नाही. स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे, हे टिळकांच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले वाक्य मुळात बॅप्टिस्टांनी सुचविले, असे त्यांच्या चाहत्यांकडून आग्रहाने सांगितले जाते. टिळकभक्तांना हे मान्य होत नाही. वाद बहुधा 'कोणाचे' या एका शब्दाभोवती फिरतो आणि तेथेच थांबतो.

साहित्याच्या अभ्यासकाने हा वाद थोडा वेगळ्या रीतीने पाहावा असे आम्ही सुचवू. राजकीय घोषणा ही कवितेच्या ओळीसारखी एका लेखणीची मालमत्ता नसते. ती सभेत घडते, टाळ्यांवर तासली जाते, आणि ज्या तोंडातून ती लोकांना पटते त्या तोंडाची होते. त्या अर्थी ते वाक्य टिळकांचे आहे याबद्दल शंका नको. परंतु त्यातील 'जन्मसिद्ध हक्क' या शब्दाचे कूळ शोधू गेलो तर ते इंग्रजी 'बर्थराइट'पाशी जाते. त्या शब्दामागे दोन परंपरा आहेत. एक, इंग्लंडच्या सतराव्या शतकातील घटनात्मक लढ्यांची, जीत कायदा हा जन्माने इंग्रज असणाऱ्याचा वारसा मानला गेला. दुसरी बायबलची. उत्पत्तीच्या पुस्तकात भुकेल्या एसावाने शिजवलेल्या डाळीच्या बदल्यात आपला ज्येष्ठपणाचा हक्क धाकट्या भावाला, याकोबाला विकला, ती कथा. इंग्रजी बायबल वाचणाऱ्या कोणाही माणसाच्या कानात हा शब्द त्या कथेसह वाजतो. जन्माने मिळालेली गोष्ट क्षुल्लक लाभासाठी विकू नये, हा तिचा अर्थ. सरकारी नोकरीसाठी आणि मानमरातबासाठी स्वराज्याचा दावा सोडणाऱ्यांच्या काळात तो अर्थ किती झोंबणारा होता हे सांगावयास नको.

घोषणा कोणी रचली यापेक्षा हे मिश्रण आम्हांला महत्त्वाचे वाटते. 'स्वराज्य' हा शिवकालाची आठवण जागविणारा शब्द आणि 'बर्थराइट' हा इंग्रजी कायद्यातून आणि बायबलातून आलेला शब्द एका मराठी वाक्यात शेजारी बसले. बॅप्टिस्टा आणि टिळक ज्या बैठकीत शेजारी बसत होते, तिचेच हे भाषिक रूप आहे.

५

१९१७ मध्ये बॅप्टिस्टा लीगच्या कामासाठी इंग्लंडला गेले. ब्रिटिश मजूर पक्षाची हिंदुस्थानच्या प्रश्नाला सहानुभूती मिळविणे हे त्यांचे काम होते. १९१८ च्या एप्रिलात खुद्द टिळकांच्या शिष्टमंडळाला सरकारने कोलंबोहून परत पाठविले, तेव्हा आधीच तेथे पोहोचलेल्या माणसाचे मोल कळले. उदारमतवाद्यांच्या दिवाणखान्यांऐवजी मजुरांच्या संघटनांकडे जाण्याची ही दृष्टी टिळकांनीही उचलली, आणि पुढे विलायतेत गेल्यावर मजूर पक्षाशी जवळीक वाढविली.

१९१९ च्या डिसेंबरात नव्या सुधारणांचा कायदा झाला तेव्हा टिळकांनी बादशहाला तार करून प्रतियोगी सहकारितेचे धोरण जाहीर केले. सरकार जितके देईल तितके सहकार्य, असा त्याचा आशय. या शब्दप्रयोगामागेही बॅप्टिस्टांचेच डोके होते असे मानले जाते. त्याच सुमारास त्यांनी पाँडिचेरीला अरविंद घोष यांना पत्र लिहिले. नव्या पक्षासाठी मुंबईत इंग्रजी दैनिक काढावयाचे होते, आणि त्याचे संपादकपद अरविंदांनी स्वीकारावे अशी विनंती होती. ५ जानेवारी १९२० रोजी अरविंदांनी पाठविलेले नकाराचे उत्तर प्रसिद्ध आहे. राजकारण आपल्याला हीन वाटत नाही, परंतु देश स्वयंनिर्णयाचा उपयोग कसा करणार हा आपल्या चिंतनाचा विषय आहे, आणि युरोपीय नमुन्याच्या सामाजिक लोकशाहीवर आपले मन बसलेले नाही, असा त्याचा सूर आहे. अरविंदांचे अभ्यासक हे पत्र वारंवार वाचतात. ते ज्याला लिहिले त्याचा परिचय मात्र एका ओळीत आटोपतो. पत्रातील युक्तिवाद नीट समजावयाचा तर समोरचा माणूस सामाजिक लोकशाहीची भाषा बोलत होता हे ध्यानात घ्यावे लागते.

ती भाषा त्यांनी कृतीतही आणली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. अध्यक्ष लाला लजपतराय, स्वागताध्यक्ष बॅप्टिस्टा. आंतरराष्ट्रीय मजूर संघटना १९१९ मध्ये स्थापन झाली होती, आणि तिच्या परिषदांत हिंदी कामगारांचा प्रतिनिधी सरकारने परस्पर नेमावा हे नेत्यांना खटकत होते. प्रतिनिधी पाठविण्याचा अधिकार सांगावयाचा तर देशभरची संघटना हवी, हे या अधिवेशनाचे तातडीचे निमित्त. दुसरे अधिवेशन १९२१ च्या अखेरीस कोळशाच्या खाणींच्या मुलखात, झरिया येथे भरले. खाणमालकांचा त्याला विरोध होता. त्याचे अध्यक्षपद बॅप्टिस्टांनी भूषविले. १९२४ मध्ये ते जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले.

त्यांचा मजूरविचार वर्गयुद्धाचा नव्हता. मालक आणि मजूर हे श्रमाचे खरेदीदार आणि विक्रेते नसून एका उद्योगातील भागीदार आहेत, हे त्यांचे सूत्र. पुढच्या साम्यवादी पिढीला ते मवाळ वाटले, आणि गिरणगावाचा इतिहास त्या पिढीच्या दृष्टीने लिहिला गेल्यामुळे बॅप्टिस्टा तेथूनही बाजूला पडले. पण या सूत्रामागे काय आहे हे पाहण्यासारखे आहे. फेबियन समाजवाद तर आहेच. त्याखेरीज पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये काढलेल्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकाने कामगाराला न्याय्य वेतनाचा आणि संघटनेचा हक्क मान्य केला होता, आणि वर्गावर्गांतील सलोख्याचा आग्रह धरला होता. कॅथलिक सामाजिक विचाराशी बॅप्टिस्टांच्या भागीदारीच्या कल्पनेचे नाते जुळते. त्यांच्या राजकारणात त्यांचा धर्म कोठे आहे असे विचारणाऱ्याने तो चर्चच्या वेदीपाशी न शोधता या भागीदारीच्या कल्पनेत शोधावा.

६

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले आणि बॅप्टिस्टांच्या राजकारणाची जमीन सरकली. असहकाराच्या चळवळीशी त्यांचे मन जुळले नाही. कौन्सिले, न्यायालये, महापालिका ही साधने टाकून देण्याची कल्पना त्यांना पटणारी नव्हती, कारण त्यांचे सारे आयुष्य या साधनांना लोकांकडे वळविण्यात गेले होते. टिळकांचे अनेक अनुयायी याच कोंडीत सापडले. फरक एवढाच की केळकर-खाडिलकरांच्या हाती वृत्तपत्रे होती, वाचक होते, आणि मराठीत आपली बाजू मांडून ठेवण्याची सोय होती. बॅप्टिस्टांचे लिखाण इंग्रजीत, भाषणांत आणि खटल्यांच्या कागदांत विखुरले. १९२५ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. महापौर ही पदवी त्या पदाला पुढे मिळाली, त्यामुळे आज त्यांची गणना महापौरांत होते. १८ सप्टेंबर १९३० रोजी, देशात मिठाच्या सत्याग्रहाचे वादळ चालू असताना, त्यांचे निधन झाले. माझगावच्या टेकडीवरील उद्यानाला त्यांचे नाव आहे. के. आर. शिरसाट यांचे इंग्रजी चरित्र १९७४ मध्ये निघाले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. बॅप्टिस्टांना लोक 'काका' म्हणत. टिळकांच्या वर्तुळात ही रीतच होती. केळकर तात्यासाहेब, खापर्डे दादासाहेब, खाडिलकर काकासाहेब. महाराष्ट्रातील सार्वजनिक जीवन एक विस्तारित कुटुंब असल्यासारखे नात्यांच्या नावांनी चालत असे, आणि त्या कुटुंबात माझगावच्या कॅथलिक बॅरिस्टराला 'काका' म्हणून जागा मिळाली. ही लहान गोष्ट नाही. ज्या राजकारणाची प्रतीके एका धर्माची होती, त्याच्या माणसांनी परधर्मीयाला घरातले नाव दिले.

परंतु घरातल्या नावाची एक दुसरी बाजू असते. काका म्हटल्यावर माणूस आपला होतो, आणि आपला झाल्यावर त्याचे वेगळेपण विचारात घेण्याची गरज संपते. त्याने काय आणले, कोठून आणले, कोणता धोका पत्करून आणले हे कोणी विचारीत नाही. धर्मांतरित ख्रिस्ती लेखकाचे वेगळेपण आपण विसरू शकत नाही, कारण त्याच्या पुस्तकाचा विषयच ते वेगळेपण असते. बॅप्टिस्टांनी तसे पुस्तक लिहिले नाही. त्यांना स्वतःला कोठे सोडून कोठे जावे लागले नव्हते. ते येथलेच होते, आणि तेच सिद्ध करण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही, असे निदान त्यांना वाटत असावे.

त्यांची आठवण हुतात्म्यांच्या यादीत एक ख्रिस्ती नाव घालण्यासाठी काढू नये. प्रतिनिधित्वाच्या हिशेबाने माणसाला पुन्हा एका रकान्यात बसविता येते, आणि रकान्यात बसविलेला माणूस वाचला जात नाही. टिळकपर्व हे केवळ एका धर्माच्या आणि एका जातीच्या विचारसृष्टीचे अपत्य होते असे त्याचे भक्तही मानतात आणि टीकाकारही. फक्त एकाला त्याचा अभिमान असतो आणि दुसऱ्याला राग. बॅप्टिस्टा या दोघांच्याही समजुतीत बसत नाहीत. होमरूल लीगची कल्पना, मागणीची कायदेशीर भाषा, मजूर पक्षाकडे पाहण्याची दृष्टी, गिरणगावाशी जोडलेला दुवा, या गोष्टी बाजूला काढून १९१५ ते १९२० या काळातील टिळकांचे राजकारण सांगताच येत नाही, आणि त्या सगळ्यांवर माझगावच्या माणसाचा हात फिरलेला आहे.

आमच्या शिक्षक मित्रांना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. 'केसरी'तील १९१६ नंतरचे लेख वर्गात शिकविताना 'होमरूल' आणि 'स्वराज्य' हे दोन शब्द कोणत्या ठिकाणी कोणता वापरला आहे हे विद्यार्थ्यांना मोजावयास सांगावे. एक शब्द कोठे सरकारशी बोलतो आणि दुसरा कोठे लोकांशी, हे त्यांना स्वतःच दिसू लागेल. त्या दोन शब्दांमधल्या जागेत बसून काम करणारा गृहस्थ कोण होता असा प्रश्न एखाद्याने विचारला, तर त्याला बॅप्टिस्टांचे नाव सांगावे, आणि 'काका' हे संबोधन लावण्यापूर्वी माथारपाखाडी कोठे आहे हेही सांगावे.